पाव्हण्यांची फळी

काकू कुणाच्याही दाराची बेल वाजवत नसत. कडीही वाजवत नसत. बंद दारासमोर चपला काढायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायचा आणि आत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगायचे, “आलेय बरं का!” त्यानंतर दार उघडेपर्यंत तिथेच ताठ उभे राहायचे. वेळ लागला तरी दुसरी हाक नाही. एकदा सांगितले म्हणजे सांगितले.

सावेडीतल्या आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्यांना हा प्रकार उमगत नसे. बेलचे बटण काकूंच्या अगदी हाताशी असे. कुणी ते भीत भीत दाखवून दिलेच, तर काकू त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळत आणि विचारत, “मी काय कुरियरवाला हाय?”

काकूंचे माहेर आणि सासर दोन्ही शनिशिंगणापुरात. तुमच्यापैकी अनेकांनी शनीच्या दर्शनाला जाताना तिथली घरे रस्त्यावरून पाहिली असतील. चौकट असते, उंबरा असतो, दार नसते. आपण कुतूहलाने बघतो, एखादा फोटो काढतो आणि पुढे जातो. पण जिथे दारच नाही तिथे वाजवायचे काय? उंबऱ्याबाहेर थांबून आपण आलो आहोत एवढे मोठ्याने सांगायचे, ही काकूंच्या घरची रीत. ती रीत घेऊन त्या नातीला सांभाळायला, मुलाच्या संसाराला हातभार लावायला शहरात आल्या आणि आमच्या समोरच्या सदनिकेत राहू लागल्या. चौकटीत वाढलेले माणूस दारांच्या जगात आले की काय घडते, याचे निरीक्षण करण्याची संधी मला अशी घरबसल्या मिळाली.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. तेव्हा मी शहराबाहेरच्या एका दूध तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करत होते आणि संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करत होते. पुराव्याशिवाय कुठलेही विधान मान्य न करण्याची मला सवय आहे. काकूंचे दार सकाळी मुलगा आणि सून कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत सताड उघडे असे. त्याला मी मनातल्या मनात ‘दीर्घकालीन प्रयोग’ असे नाव दिले होते. परिणाम माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट दिसत होते. चोरी झाली नाही. उलट साऱ्या मजल्याची पार्सले त्यांच्या सोफ्यावर येऊन पडू लागली, शाळेतून लवकर सुटलेली मुले तिथे दप्तरे टाकू लागली आणि कुणाचा गॅस संपला की कुकर थेट काकूंच्या ओट्यावर चढू लागला.

सोसायटीचे सेक्रेटरी एकदा समजावायला आले. “काकू, निदान दुपारच्या वेळी तरी कडी लावत जा. दिवस बरे नाहीत.”

“दिवसाला कडी लावून थांबवता व्हय तुमी?” काकूंनी विचारले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.

मीही एकदा वाद घातला होता. “काकू, धरून चालू की चोरी झालीच. मग?”

“मग चोराला खाली बघावं लागंल. मी कशाला बघू?”

या उत्तरात तर्कदृष्ट्या एक मोठी उणीव आहे, हे मला दिसत होते. त्या उत्तरातला ताठपणा मात्र मला फार आवडला, हेही तितकेच खरे.

माझी संशोधनाच्या जागेसाठी ऑनलाइन मुलाखत चालू असतानाचा प्रसंग सांगते. पडद्यावर परीक्षक गंभीर चेहऱ्याने बसलेले, मी दुधातल्या जिवाणूंविषयी बोलते आहे, आणि बाहेरून ललकारी आली, “आलेय बरं का!” ज्येष्ठ परीक्षक थबकले. “आपल्याकडे कुणी आले आहे वाटते.” मी म्हटले, “शेजारच्या काकू आहेत, सर. त्या थांबतील.” मुलाखत लांबली. अखेरीस मी दार उघडले, तेव्हा काकू हातात शेंगदाण्याच्या चटणीची वाटी घेऊन तशाच उभ्या होत्या.

“झाली परीक्षा? मला समदं ऐकू येत हुतं,” त्या म्हणाल्या. “कळलं काय न्हाई. पन तू लई ठासून बोलत हुतीस. आसंच बोलायचं.”

ती जागा मला मिळाली. त्याविषयीचे माझे पहिले अभिनंदन ते.

पण मला सांगायचे आहे ते पाव्हण्यांविषयी.

काकूंची नात पदवीच्या शिक्षणासाठी पुण्याला निघाली. वसतिगृहात पाळीव पक्षी चालत नव्हता. तिच्याकडे एक कॉकाटील जातीचा लहान पोपट होता. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिळा आणि स्वभावाने चौकस. नातीने त्याचे नाव ‘पिक्सेल’ ठेवले होते. निघताना तिने पिंजरा काकूंच्या हातात दिला. “आजी, मी मोठं घर घेईपर्यंत हा तुझ्याकडे. तुझ्याशिवाय कुणाच्याच भरवशावर नाही ठेवणार मी त्याला,” असे म्हणून ती रडली. काकू रडल्या नाहीत. त्यांनी पिंजरा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि म्हणाल्या, “जा निवांत. हे आजपासून माझं पाव्हनं.”

त्या दिवसापासून पिक्सेल हे नाव मागे पडले. काकू त्याच्याशी आदरार्थी बोलत. “पाव्हनं उठलं का?” “पाव्हन्यांनी बाजरी टाकली आज, गरमी लई झाली.” निवडायला घेतलेल्या तांदळाच्या ताटाभोवती पाव्हणे मिरवत आणि काकूंच्या खांद्यावर चढून कानातली कुडी ओढत. “पाव्हनं, सोडा. माझ्या सासूची हाय ती,” काकू सांगत. पाव्हणे सोडत नसत. काकूंना त्याचाही अभिमान वाटे. “धरलं की सोडत न्हाई. आमच्यावानीच हाय.”

पक्ष्याबरोबर आलेला पिंजरा मात्र मला पहिल्याच दिवशी खटकला होता. तो गोल होता, सोनेरी होता, वर घुमट होता आणि दिवाणखान्याची शोभा वाढवण्यापलीकडे त्याचा कसलाही उपयोग नव्हता. पक्षी आडवा उडतो. उंच, अरुंद पिंजऱ्यात त्याला पंख पसरता येत नाहीत. कॉकाटीलला गजांना धरून चढायला आवडते, आणि इथे सगळे गज उभे होते. पाव्हण्यांच्या शेपटीची टोके गजांवर घासून विस्कटली होती. बसण्यासाठी दिलेली प्लास्टिकची दांडी इतकी गुळगुळीत आणि एकसारखी होती, की पायांना कायम एकाच जागी दाब बसावा. हे सारे मी काकूंना मुद्देसूद सांगितले.

काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले. “म्हंजे घर बदलायचं म्हन की.”

“हो. आणि दुसरे म्हणजे, हे दार.”

पिंजऱ्याचे दार वर सरकवण्याचे होते. काकूंनी ते वर ओढून कपड्यांच्या चिमट्याने कायमचे अडकवून ठेवले होते. पाव्हणे वाटेल तेव्हा बाहेर येत, वाटेल तेव्हा आत जात.

“काकू, तुम्ही आत स्वयंपाक करता, झोपता, तेव्हा तरी हे बंद हवे. घराचेही दार उघडे, गॅलरीही उघडी.”

“पाव्हन्याला कडी लावत्यात व्हय?” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होते. मी काही अत्यंत अशिष्ट बोलून गेले आहे आणि शेजारची पोर म्हणून त्या ते पोटात घालत आहेत, असा तो सूर होता. मी तो विषय तेव्हापुरता थांबवला. पिंजऱ्याची खरेदीही ‘बघू सवडीनं’वर गेली.

मग मांजर आले.

रविवारची दुपार होती. मुलगा आणि सून बाहेर गेले होते. काकू ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. इमारतीत फिरणारे एक पिवळे मांजर उघड्या दारातून आत आले, स्टुलावर चढले आणि त्याने चिमटा लावलेल्या पिंजऱ्याच्या दारातून पंजा आत घातला. किंकाळी ऐकून मी धावत गेले, तेव्हा सोनेरी पिंजरा फरशीवर आडवा पडला होता, भोवती शेपटीची पिसे विखुरली होती आणि पिठाने भरलेल्या हातांनी काकू गॅलरीत उभ्या होत्या. पाव्हणे समोरच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर होते.

तुम्ही कधी पाळलेला पक्षी झाडावर गेलेला पाहिला आहे का? खालून सगळी इमारत त्याला हाका मारते, टाळ्या वाजवते, कुणी काठी आणतो, कुणी चादर पसरतो. या प्रत्येक प्रेमळ कृतीने तो आणखी उंच जातो. आमच्याकडेही तेच चालले होते. “पिक्सेल, ये, ये!” “मोबाईलवर दुसऱ्या कॉकाटीलचा आवाज लावा!” “अहो, दाणे फेका!” त्यात कावळ्यांनी हा परका पाहुणा हेरला होता. एक कावळा येऊन शेजारच्या फांदीवर बसला, मग दुसरा बसला. वर एक घार हळूहळू गिरक्या घेऊ लागली. पाव्हण्यांचा तुरा डोक्याला चिकटून गेला होता. कॉकाटीलचा तुरा असा आडवा पडतो तो भीतीने.

काकू जिना उतरून खाली आल्या. हातावरचे पीठ तसेच होते. त्यांनी गर्दीकडे एकदा पाहिले. “गप बसा समदे,” एवढेच म्हणाल्या. सेक्रेटरींसह सगळे गप्प झाले. झाडाखाली काकूंनी चपला काढल्या, पदर सारखा केला आणि एखाद्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावे तशा ताठ उभ्या राहून वर पाहत म्हणाल्या,

“आलेय बरं का!”

आणि थांबल्या. पुन्हा हाक नाही, हात हलवणे नाही. मी मनात प्रत्येक क्षण मोजत होते आणि तिसरा कावळा येताना पाहत होते. मला काकूंना हलवून सांगावेसे वाटत होते की आणखी एकदा तरी हाक मारा. त्या हलल्या नाहीत. हा आवाज पाव्हण्यांनी रोज ऐकलेला होता. काकू बाहेरून घरी परतल्या की त्यांनाही हीच वर्दी देत असत. वर तुरा किंचित उभा राहिला. एक बारीक शीळ आली. मग पाव्हणे फांदीवरून सुटले, वाकडेतिकडे उडत, शेपटीविना तोल सावरत खाली आले आणि काकूंच्या खांद्यावर आदळले.

इमारतीने टाळ्या वाजवल्या. काकूंनी पदर त्यांच्यावर ओढला आणि कुणाकडेही न बघता जिना चढल्या.

मांजराची लाळ पक्ष्याच्या रक्तात गेली तर लहानशी जखमही जीवघेणी ठरते, हे ठाऊक असल्याने मी लगेच त्यांना पशुवैद्याकडे नेले. जखम नव्हती. पिसे पुन्हा येतील, असे डॉक्टर म्हणाले. परतल्यावर काकूंच्या मुलाने सुचवले, “आई, तिला काही सांगू नकोस. परीक्षा आहे तिची. पिसं येतातच आहेत.” माझ्या फोनवरून काकूंनी नातीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि शेपटी नसलेले पाव्हणे सरळ कॅमेऱ्यासमोर धरले.

“बघ. मांजर आलं हुतं. दार उघडं हुतं. चूक माझी हाय.”

नात आधी घाबरली, मग सावरून म्हणाली, “आजी, असू दे गं. होतं असं.”

“होत न्हाई. मी केलं. तू माझ्या भरवशावर ठिवलंस आन् मी भरवसा मोडला. आता आईक. मी त्येचं घर बदलते. त्यातून बी तुला वाटलं की आजीकडं नको, तर सांग. तू म्हनशील तिथं मी सोता नेऊन देईन.”

पलीकडून तिने पाव्हण्यांना पुन्हा एकदा नीट न्याहाळले. मग नात म्हणाली, “आधी घर दाखव. मग सांगते.” ती आपल्या आजीची नात होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही रिक्षाने निघालो. काकूंना कडीचे महत्त्व पटवून देण्यासाठी मी मनात युक्तिवादांची जुळवाजुळव करून ठेवली होती. शिंगणापूरच्या माणसाला कडी लावायला सांगणे म्हणजे त्याच्या साऱ्या जगण्यावर बोट ठेवणे, याची मला जाणीव होती. म्हणून मी फार सावधपणे सुरुवात केली. “काकू, तुमच्याकडची पद्धत मला मान्य आहे, पण…”

“थांब,” काकू म्हणाल्या. “मी कालधरनं इचारच करतेय. आमच्या घराला दार न्हाई. खरंय का न्हाई?”

“खरे आहे.”

“पन माझी माय सांजच्याला चौकटीत फळी लावायची. कुडाची न्हाईतर लाकडाची. नुसती टेकवायची. कुत्रं भाकरी पळवायचं, शेळी पिठात तोंड घालायची. फळीला ना कडी, ना कुलूप. मानूस आला तर हातानं सारून आत येनार. मानसाला अडवायचंच न्हाई ना. फळी जनावरासाठी.”

“मग इथे इतके दिवस…”

“हितं दार हाय ना!” काकू जवळजवळ ओरडल्या. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले. “हितं दार हाय म्हनून फळी इसरले मी. दार लावायचं न्हाई, ह्येवढंच ध्यानात धरून बसले. ज्येला दार न्हाई त्येला फळी लागती, ह्ये माझी माय रोज करत हुती, आन् मी इसरले.”

मी जमवलेले सर्व युक्तिवाद तिथेच गळून पडले. त्यांची गरजच उरली नव्हती. आपले मत चुकले हे कळल्यावर माणसे काय काय करतात, हे मी प्रयोगशाळांत आणि परिषदांत पाहिले आहे. कुणी आकडे पुन्हा तपासतो, कुणी उपकरणाला दोष देतो, कुणी विषय बदलतो. काकूंनी स्वतःचे गृहीतक एका दिवसात मोडून पाहिले होते आणि त्यातला टिकणारा भाग वेगळा काढला होता. रिक्षाच्या त्या मागच्या सीटवर मला त्यांच्या शेजारी बसल्याचा अभिमान वाटला. तो अजून ओसरलेला नाही.

दुकानदार तरुण होता आणि उत्साही होता. त्याने आधी ‘पॅलेस मॉडेल’ दाखवले. तीन घुमट, आरसा, झुला, घंटी. “आज्जी, हे हॉलमध्ये काय दिसतं म्हणून सांगू!”

“पाव्हन्यांना आतनं हॉल कसा दिसतो, ते सांग,” काकू म्हणाल्या.

तिथून आम्ही कामाची वाटणी केली. मी लांबी बघत होते, त्या दार बघत होत्या. मला उंचीपेक्षा रुंदी अधिक हवी होती. कडेच्या गजांतले काही आडवे हवे होते. दोन गजांमधले अंतर इतके कमी, की डोके बाहेर निघून अडकणार नाही. आणि तारेवरचा रंग पक्का, कारण पक्षी चोचीने तो खरवडतो आणि खालचा धातू पोटात जातो. काकूंना दार इतके मोठे हवे होते, की त्यांचा हात पाव्हण्यांना घेऊन सहज आतबाहेर होईल. “आन् खाली उघडनारं पायजे. वर सरकनारं नगं. मानेवर पडंल.” हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. मी तो मान्य केला. उलट त्यांना एक काळा, मजबूत पिंजरा आवडला होता, तो मी नाकारला. त्याच्या गजांतून पाव्हणे अर्धे बाहेर आले असते. त्यांनी तो निमूटपणे बाजूला ठेवला.

शेवटी एक लांबट, साधा, पांढरा पिंजरा उरला. पुढचे दार खाली उघडून ओट्यासारखे आडवे राहत होते. पक्ष्याने त्यावर उतरावे आणि चालत आत जावे. बंद केल्यावर वर एक फिरवायची कडी होती. काकूंनी ती अनेकदा लावली, काढली, आतून बोटाने ढकलून पाहिली. बंद कडीला हात लावण्याची ती त्यांची पहिलीच खेप असावी, इतक्या गंभीरपणे त्या पाहत होत्या.

दुकानदार खूश झाला. त्याने खणातून एक चिमुकले कुलूप काढले. “हे घ्या, आज्जी, आमच्याकडून फ्री. याला लावा, म्हणजे काळजीच नाही.”

काकूंनी ते कुलूप तळहातावर घेतले आणि नीट निरखले. “कुनासाठी रं हे?”

“सेफ्टीसाठी, आज्जी.”

“कुलूप मानसासाठी असतं, बाळा. मला मानसाची भीती न्हाई. मला मांजरासाठी पायजे हुतं, ते मिळालं.” आणि त्यांनी ते कुलूप परत त्याच्या खणात ठेवले, स्वतःच्या हाताने.

घरी आल्यावर प्लास्टिकची दांडी फेकून पेरूच्या वाकड्यातिकडच्या फांद्या आत बसवल्या, म्हणजे पायाला कुठे जाड कुठे बारीक पकड मिळेल. बाजरीचे कणीस टांगले. पिंजरा उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, मागे भिंत येईल असा ठेवला. ते माझे काम. मग काकूंनी नातीला सगळे दाखवले, कडीसुद्धा. “लावून दाखव,” नात म्हणाली. काकूंनी पाव्हण्यांना फांदीवर बसवले, दार वर घेतले, कडी फिरवली आणि म्हणाल्या, “बसा पाव्हनं. आलेच मी.”

“राहू दे मग तुझ्याकडेच,” नात म्हणाली.

तोच पुढे नियम झाला. काकू बसलेल्या असल्या की पिंजरा उघडा आणि पाव्हणे घरभर. काकू उठल्या की पाव्हणे आत, कडी, आणि “बसा पाव्हनं, आलेच मी.” घराचे दार पूर्वीइतकेच सताड उघडे. पिवळे मांजर येई, पिंजऱ्याखाली बसून वर बघे आणि निघून जाई. शेपटी पूर्ण वाढली तेव्हा काकूंनी मजल्यावर शिरा वाटला.

पुढच्या वर्षी काकूंनी गावी परतायचे ठरवले. ज्या नातीसाठी त्या शहरात आल्या होत्या तीच आता इथे नव्हती. पाव्हणे अर्थातच बरोबर जाणार होते. माझ्या मनात शंका आली, आणि शंका बोलून दाखवणे हा माझ्या शिक्षणाचा भाग आहे. “काकू, तिथे घराला दार नाही. कुत्री आहेत, मांजरे आहेत, भाविकांची गर्दी आहे. आणि गावात कुणी कडी लावत नाही. चारचौघे हसतील. सवय सुटेल.”

“सवय सुटायला ती कुनाला दावायला लावलीय व्हय मी?” काकू म्हणाल्या.

टेम्पोत पुढे बसून, पिंजरा मांडीवर घेऊन त्या गेल्या. गावाने हसायचे ते हसून घेतलेच. काकूंनीच मला फोनवर सांगितले, त्यांच्या धाकट्या दिराची नक्कल करत. “‘वैनी, जल्मभर घराला दार न्हाई, आन् पाखराला कडी? शिंगनापुरात कडी आनली तुमी!’ म्या म्हनलं, भावजी, कडी न्हाई, फळी हाय ती. पाखरू ल्हान, म्हनून त्येची फळी बी ल्हान.”

काकूंचा मुलगा आणि सून पुढे दुसरीकडे राहायला गेले; समोरच्या सदनिकेत आता दुसरे कुटुंब आहे. त्यांच्या दाराला कॅमेऱ्याची बेल आहे. माणसे चांगली आहेत. पार्सले मात्र हल्ली सगळ्यांची खाली वॉचमनकडे पडून असतात.

संशोधनासाठी परराज्यात रुजू होण्यापूर्वी मी काकूंना भेटायला गेले. न कळवता गेले. घोडेगावला एसटीतून उतरून रिक्षाने गावात पोहोचले आणि विचारत विचारत त्यांच्या घरासमोर आले. चौकट होती. उंबरा होता. चौकटीच्या खालच्या भागात एक जुनी लाकडी फळी टेकवलेली होती, माझ्या गुडघ्याएवढी. मी चपला काढल्या, ओढणी सारखी केली आणि आयुष्यात प्रथमच तसे म्हणाले, “आलेय बरं का!”

आतून फक्त एक शीळ आली.

समोरच्या घरातल्या बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “काकू कांद्यात गेल्यात, रानात. येतील इतक्यात. जा की आत, बसा.” मग त्या हसल्या. “गावातली पयली कडी बगायला आलाव व्हय?”

मी फळी सारून आत गेले. घर रिकामे होते. खुंटीला काकूंची पर्स, कोनाड्यात चार्जिंगला लावलेला मोबाईल, फडताळात घासलेली भांडी. जे होते ते सारे समोर होते, आणि रस्त्यावरून भाविकांच्या गाड्या जात होत्या. मधल्या भिंतीशी, छातीच्या उंचीवर, तो पांढरा पिंजरा होता. आत नवी फांदी, कणसाचा उरलेला दांडा आणि लांब शेपटीचे पाव्हणे. त्यांचा तुरा ताठ उभा होता.

मी जवळ जाऊन कडी पाहिली. पूर्ण फिरवलेली होती. बोटाने ढकलून पाहिली; हलली नाही. काकूंना मी येणार हे माहीत नव्हते. त्यांच्या गावात कुणी कडी लावत नव्हते आणि लावली की नाही हे बघणारेही कुणी नव्हते. रानात जाताना, घाईत, एकट्या घरात त्यांनी ती लावली होती, आणि लावताना त्या काय म्हणाल्या असतील हेही मला नक्की ठाऊक होते.

आत येताना सारलेली फळी मी पुन्हा चौकटीत टेकवली. मग आतल्या बाजूने उंबऱ्याशी बसले आणि पाव्हण्यांना सांगितले, “बसा पाव्हणं. येतीलच.”